पिठाच्या डब्यातल्या गोळ्या

मर्गिलान शहरातल्या त्या गल्लीत ओयदिनच्या तंदूर रोटीला तोड नव्हती. त्या हिवाळ्यात मात्र रोटीच्या मधोमध टोचायचा ठसा मारायलाच ती विसरू लागली आणि रोट्या टम्म फुगून निघू लागल्या. गिऱ्हाइकं कुरकुरली. रोटीचं बिनसलेलं साऱ्या गल्लीला दिसलं, बाईचं एकालाही दिसू नये?

तिची झोप उडाली होती. पुलावसुद्धा मातीसारखा लागायचा. आपण नसलेलंच बरं, असं दिवसातून दहादा मनात यायचं. दोन महिने हेच. सासूबाईंचं, म्हणजे शरोफतबाईंचं, निदान तयारच होतं. "आळस भरलाय अंगात! मी पाच पोरं वाढवली, मला नाही फुरसत मिळाली उदास व्हायला." मग धुरी झाली, मंतरलेलं पाणी झालं, माहेरचा उद्धार झाला. याच बाईंचा गुडघा सुजला तेव्हा निम्मी गल्ली ताटं घेऊन समाचाराला आली होती. गुडघ्याला समाचार आणि मनाला टोमणे, ही कुठली रीत?

शेवटी मुलगी झिलोला तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी झोप, भूक, मरणाचे विचार, सगळं सरळ विचारलं. "आळस नाही हा, ताई. नैराश्य आहे, आजार आहे. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. बरं वाटलं तरी निदान सहा महिने घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. आणि दर आठवड्याला येऊन माझ्याशी बोलायचं."

पाचव्या आठवड्यात रोटीवर ठसा उमटला. त्याच आठवड्यात गोळ्या गायब झाल्या.

"झालीस ना बरी?" शरोफतबाई म्हणाल्या. "शुक्रवारी झिलोलाला मागणी घालायला येताहेत. वेडाच्या गोळ्या खाणारीची पोर कोण करील?"

ओयदिनने तीन दिवस विनवण्या केल्या. सासूबाईंनी ताकास तूर लागू दिली नाही.

शुक्रवारी वराकडच्या बायका आल्या. बोलणी जमली. आता रीतीप्रमाणे पाहुण्यांनी मुलीच्या आईने भाजलेली रोटी मोडली, की सोयरीक पक्की. त्यांतल्या थोरल्या पाहुणीने रोटी हातात घेतली आणि ओयदिनचा बांध फुटला.

"आई, माझ्या गोळ्या द्या."

"डोकं दुखतं हो तिचं," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

"डोकं नाही. नैराश्याच्या गोळ्या आहेत. तीन दिवस झाले, मला मिळाल्या नाहीत. मला परत त्या खड्ड्यात जायचं नाही!"

पाहुणीने रोटी खाली ठेवली. बायकांनी शाली सावरल्या आणि त्या चालू लागल्या.

"वाटोळं केलंस पोरीचं!" शरोफतबाईंनी कपाळ बडवून घेतलं.

ओयदिनने मुलीकडे बघायचं टाळलं. झिलोला मात्र सरळ आजीसमोर जाऊन उभी राहिली. "आजी, कुठे ठेवल्यास?"

आजीची नजर पिठाच्या डब्याकडे गेली. झिलोलाने कोपरापर्यंत हात घालून पाकीट काढलं, झटकलं. मग जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरची ती रोटी उचलून तिने स्वतःच मोडली आणि अर्धी आईच्या हातात दिली.

"आधी दोन घास खा. रिकाम्या पोटी गोळी नको."