आईच्या मांडीची कातडी

जाम गावच्या चौकात आलुबोंड्याची गाडी लावणाऱ्या कमलाला लोक तिखट म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. चाळिशी उलटली, लग्न जमलं नाही, आईसोबत कढईपुढे उभं राहण्यात सगळी उमर गेली. त्याच्या बदल्यात तिला एकच हवं होतं, आई आपली एकटीची असावी. धाकट्या बहिणीला, सपनाला, नवरा होता, पोरं होती, देवळीत पक्कं घर होतं. निदान आईत तरी तिने वाटा मागू नये.

मग देवळीच्या घरी गॅस भडकला आणि सपनाची पाठ न् दोन्ही दंड जळाले. जखमा झाकायला तिची स्वतःची कातडी पुरेना. सध्यापुरती घरच्या कोणाची तरी लागेल, डॉक्टर म्हणाले. दोघींची आई, रुख्माबाई, आपली कातडी द्यायला तडक आत जाऊन निजली. कमला बाहेर बाकावर बसून राहिली. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

आईच्या मांडीची पट्टी बदलणं, तिला उठवणं-बसवणं मात्र कमलाकडेच आलं. ती सगळं करी आणि मनात कुढत राही. त्यात आईचं एकच पालुपद. "माह्यं कातडं तिच्या अंगावर हाय आता. मी मेली तरी तिच्यापाशी राहीन," असं आल्यागेल्याला सांगे. मग आपल्यापाशी काय राहणार, कमलाला वाटे. कढई आणि झारा?

काही आठवड्यांनी ती दवाखान्यात डबा घेऊन गेली, तेव्हा नर्सने सांगितलं की आईची कातडी गळून पडली. ती गळणारच होती, जखम झाकून ठेवण्यापुरतंच तिचं काम. आता सपनाच्या पायावरची, तिचीच कातडी लावली होती आणि ती छान धरली होती. कमलाला इतका आनंद झाला, की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज बसमध्येच राहिली. घरी पोचेपर्यंत नुसता आनंद उरला.

"आई, तुह्यं कातडं गळलं," मांडीला खोबरेल लावता लावता ती म्हणाली. "सपनाच्या अंगावर तुह्यं आता काहीच नाई."

रुख्माबाईने विचारलं, "पोरगी बरी हाय ना?"

"हाय. तिचंच कातडं लावलं. धरलं म्हणते."

"मंग झालं. बरं झालं, तुह्यं नाई घेऊ देलं."

कमलाचा हात थांबला. "माह्यं कोण मागत होतं?"

"डॉक्टर मागत व्हते. मोठीचं चांगलं निघते म्हणे. म्या म्हटलं, तिले विचारूच नका. माही कमला कोणाले नाई म्हणत नाई. दिवसभर कढईपुढं उभी राह्यते, तिची मांडी कशाले सोलता?"

एवढं बोलून आई कुशीवर वळली आणि झोपली. कमला तेलाचा हात तसाच धरून बसली. विचारलं असतं, तर आपण हो म्हटलं असतं का? तिने मनातल्या मनात कितीदा तरी 'हो' म्हणून पाहिलं. एकदाही तिला ते खरं वाटलं नाही.