व्याही पुढं, मी मागं

माझ्या मुलीच्या लग्नात मी माईक हातात घेतला, तिथंच चुकलं. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाच्या हातात माईक देऊच नये. तो हजेरी घेतल्यासारखा सुटतो. नांदेडच्या त्या मंगल कार्यालयात मी सगळ्यांचं स्वागत केलं. मुख्याध्यापक झाले, बायकोचे मुदखेडचे मामा झाले, नायगावची चुलत मेहुणी झाली, मंडपवाला झाला, शेवटी आचाऱ्याचंही नाव घेतलं. राहिलं ते एकाच माणसाचं. नवरदेवाच्या बापाचं!

आमच्याकडे मानपान नसतो. हे मी वर्गात सांगत आलो, विहारात सांगत आलो, सोयरीक जुळवायला लातूरला गेलो तेव्हाही सांगितलं, आणि आमचे व्याही "हाव हाव, बिलकुल न्हाई" म्हणत मान डोलवत होते. पण मानपान नसला म्हणून माणसाला राग येत नसतो का? व्याही त्या दिवशी गुमान जेवले, सुनेला गाडीत बसवलं, आणि जाता जाता माझ्या बायकोला एवढंच म्हणाले, "आचाऱ्याचं नाव आलं. बरं झालं." त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून कामाला नांदेडला यायचे, बसस्टँडवर चहा प्यायचे आणि लातूरच्या गाडीत बसायचे. आमच्या घरी नाही म्हणजे नाही. मीही काही कमी नव्हतो. एक नाव राहिलं म्हणून एवढं? बसा म्हटलं रुसून!

विहीणबाई आणि माझी बायको मात्र रोज फोनवर. त्यांचं छान चाललं होतं.

या हिवाळ्यात मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली. रविवारी डोहाळजेवण ठरलं. व्याह्यांनी निरोप धाडला, 'बायका येतील.' मुलीनं तो निरोप ऐकला आणि भाकरी तव्यावर तशीच ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मामंजी लातूरला मला पेरू चिरून आणून देतात, बाबा. तिखटमीठ लावून. आन् तुमच्या घरी येत न्हाईत. तुम्ही दोघं असेच राहणार असताल तर मी रविवारी पाटावर बसत नाही. माझ्या लेकराचे दोन आजोबा एका घरात बसत नसतील, तर कसलं कौतुक करायलेत माझं?" आणि रडायला लागली. पोटुशी लेक समोर रडतेय आणि कारण आपण. बापाला यापेक्षा वाईट काय असतं? मी म्हटलं, काहीही सांग, करतो.

हे 'काहीही' मला फार महागात पडलं.

किनवटच्या पुढं डोंगरात एक कडा आहे. वरून पैनगंगेचं वळण दिसतं आणि ते बघायला लांबून लांबून माणसं येतात. शाळेच्या सहली मी स्वतः नेल्यात, अर्थात मागच्या डांबरी रस्त्यानं. आता त्या कड्याच्या पुढच्या अंगानं लोखंडी वाट केलीय. दगडात सळ्यांच्या पायऱ्या ठोकल्यात, बाजूनं बोल्टांनी पक्की केलेली जाड तार गेलीय. कमरेला पट्टे बांधायचे, पट्ट्याला दोन हूक, ते तारेत अडकवायचे आणि चढायचं. वाट दाखवायला सोबत कुणी नाही. तार जाईल तिकडं आपण. रस्ता असताना भिंतीवरून चढणारा मी आजवर फक्त चोर ऐकला होता. जावयाला मात्र असले छंद फार. मुलगी म्हणाली, "शनिवारी ती वाट तुम्ही आन् मामंजी चढा, दोघंच. मामंजी तयार झालेत." म्हटलं, ते तयार तर मी काय मेलोय?

शनिवारी पहाटे जावयाची गाडी व्याही-विहीणबाईंना घेऊन लातूरहून आली ती बायपासला थांबली. घरी या म्हटलं तर व्याही म्हणाले, "उशीर व्हायलाय." आमच्याबरोबर यायला निघालेल्या बायकोनं थर्मासमधून चहा नेला. तो त्यांनी दोन कप घेतला. बायपास घरात मोजत नसावेत.

कड्याखाली एका मिशीवाल्या माणसानं आम्हाला पट्टे बांधले, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि दोन नियम सांगितले. पहिला, दोन्ही हूक एकदम काढायचे नाहीत. बोल्ट आला की एक पलीकडं सरकवायचा, मग दुसरा. दुसरा, दोन बोल्टांच्या मधे एका वेळी एकच माणूस. मग जावई म्हणाला, "बायकांना घेऊन मी रस्त्यानं वर जातो," आणि गाडी सुरू करून गेलासुद्धा! आम्ही दोघं हेल्मेट घालून कड्याकडं तोंड करून उभे.

"व्हा पुढं, साहेब," मी म्हटलं. व्याही पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेत, म्हणून साहेब.

"छे छे. तुम्ही मुलीकडचे. तुम्ही व्हा."

"असं कसं? मान तुमचा."

"मानाचं काय घेऊन बसलात सर, मानपान नसतो ना आपल्यात?"

बसली का चपराक? तरी मी हात पुढं करून उभाच राहिलो. हे असं बराच वेळ चाललं, तेवढ्यात मागं रांग लागली. शेवटी मिशीवाला म्हणाला, "काका, कुनीबी जा, पन जा." व्याही जड माणूस आहेत, अंगानंही. त्यांनी पहिल्या सळीवर पाय ठेवला आणि वरून थोडी माती माझ्या हेल्मेटवर पडली.

पहिली वीसेक हात उंची बरी गेली, म्हणजे मी खाली बघितलं नाही. पण व्याही प्रत्येक बोल्टपाशी थांबायचे. बोटानं टकटक करायचे, कान लावायचे. "ग्राउटिंग बरं दिसायलंय," म्हणायचे, म्हणजे बोल्टाभोवतीचं सिमेंट. पुढचा बोल्ट, परत टकटक. मला वाटलं, केवढा काटेकोर माणूस! कालव्याच्या भिंतीसुद्धा असाच तपासत असेल. ते भ्यालेत हे माझ्या ध्यानात यायला पाच बोल्ट गेले, कारण तोवर मी स्वतःच भिऊन अर्धा झालो होतो.

तेवढ्यात खालून हाक आली, "सर! जयभीम!" उमरीचा एक जुना विद्यार्थी बायकोला घेऊन आमच्या मागं चढत होता. आता विद्यार्थ्यानं हाक मारली की मास्तर काय करतो? वळतो आणि दोन्ही हात जोडतो. तीस वर्षांची सवय. मी वळलो, दोन्ही हात जोडले, "जयभीम रे बाबा," म्हटलं, आणि गेलो! हात सुटले, पाय घसरले, हुकांनी कचकन धरलं आणि मी तारेला लटकलो, हात जोडलेलेच. बायकोची शपथ, मी त्या स्थितीतही त्याला "काय करतोस सध्या?" असं विचारलं. त्याला बिचाऱ्याला हसावं का रडावं कळेना. त्यानं खालून माझा पाय धरून सळीवर ठेवला.

वर बघतो तर व्याही थांबलेले. मला वाटलं माझ्यासाठी थांबले. चढून त्यांच्या टाचांपर्यंत गेलो. मिशीवाल्याचा दुसरा नियम तिथंच मोडला.

"पुढं चला साहेब."

"तुम्हाला टाकून कसा जाऊ?" वरून आवाज आला. मग जरा बारीक आवाजात, "सर, माझे पाय हलंनात."

 खाली झाडं एवढीएवढी. वर अजून तेवढाच कडा. खाली रांग, त्यामुळं उतरता येईना, आणि व्याह्यांना ओलांडून मला जाता येईना. फजिती म्हणजे किती!

"कशाला तयार झालात मग?" मी चिडून म्हटलं. भीती वाटली की मला राग येतो.

"तुम्ही तयार झालात म्हणून! पोरगं म्हणालं, नांदेडकर हाव म्हणलेत."

"मी? मला तर पोरगी म्हणाली, तुम्ही हाव म्हणलात!"

 पोरांनी काय गंडवलं आम्हाला! मग व्याही वरून, दगडाकडंच तोंड करून म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांची नावं घेतली तुम्ही. माझे भाऊ, भावकी समोर बसली होती. बायको म्हणाली, आता घेतील, आता घेतील. मी सदऱ्याची बटणं लावून बसलो होतो, उठून हात जोडायचे म्हणून. आचारी उठला."  "लई लागलं सर."

दोन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पण कड्यावर काय लपवायचं? "साहेब, तुमचं नाव शेवटी घ्यायचं ठेवलं होतं. सगळ्यांत मोठं म्हणून शेवटी. कागदावर लिहून आणलं होतं. तेवढ्यात समोर बघितलं तर पोरगी तुमच्या घरच्या बायकांत बसलेली. ती आता आपल्या घरची नाही असं वाटलं आणि मला रडू कोसळलं. चारशे माणसांत मास्तर रडतो कसा? आचाऱ्याचं नाव तोंडात होतं, तेवढं घेतलं आणि माईक टाकून भांडी घासायच्या जागेकडं पळालो. तिथं बसून रडलो. झालं हे असं. नंतर सांगायची लाज वाटली, आणि तुम्ही रुसलात म्हणून मलाही चेव आला."

 मग व्याही म्हणाले, "मला काय माहीत राव."

"कसं माहीत होणार? मी सांगितलंच कुठं!" मी म्हटलं. "थांबा आता."

आणि एका हातानं तार घट्ट धरून मी वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज काढला. त्यांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, हुद्द्यासकट, मुक्काम-पोस्टासकट. "लातूरचे सेवानिवृत्त अभियंते, माझ्या लेकीला लेक मानणारे, आमचे व्याही! यांचं मी मनःपूर्वक स्वागत करतो!" समोरच्या डोंगरावरून त्यातलं अर्धं परत आलं. खालून उमरीच्या विद्यार्थ्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग रांगेतले सगळे. काय चाललंय हे त्यांतल्या कुणालाच कळत नव्हतं.

व्याह्यांनी वरून नुसती मान हलवली. मग उजवा पाय उचलून वरच्या सळीवर ठेवला. "आता डावा," मी म्हणायचो. ते डावा उचलायचे. "एक हूक. आता दुसरा." बालवाडीसारखं मी त्यांना तो सगळा कडा बोलून बोलून चढवला. माझी भीती कुठं गेली होती कुणास ठाऊक.

वर पोचलो तेव्हा विहीणबाई आणि बायको सतरंजी टाकून शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे खात होत्या. "आलात का?" बायको म्हणाली, "लई उशीर केला." पैनगंगेचं ते नावाजलेलं वळण मी बघितलं म्हणे; फोटोत तरी तिकडंच तोंड आहे. रविवारचं मात्र व्याही काही बोलले नाहीत. मी विचारायला धजलो नाही. परतीच्या वाटेत ते डोळे मिटून बसले होते आणि बायपास जवळ यायला लागला तशी मी समोरची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली, कड्यावर तार धरली नव्हती तेवढी. जावयानं गाडी हळू केली. व्याह्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "थांबायलास काय? घर माहीत न्हाई का सासऱ्याचं?"

दारात गाडी थांबली. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. व्याही गाडीतून उतरले, पहिल्या पायरीशी आले आणि थांबले. गुडघाच वाकेना. पाय उचलायला गेले की "आई गं!" शेवटी पहिल्या पायरीवर धपकन बसले. मुलगी आतून पोट सावरत आली, बघितलं, आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो बराच वेळ काढला नाही. मग ती उठून ताट घेऊन आली आणि त्यांना तिथंच वाढलं.

आमची गल्ली कसली आहे ते काय सांगावं. तेवढ्यात चार दारं उघडली. समोरच्या काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अय्य माय! व्याह्याला भाईर बसवून जेवू घालायलेत?" एवढ्या मोठ्यानं, की मला धरणी ठाव देईना. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण व्याह्यांनी घास खाली ठेवला, मला हातानं थांबवलं आणि समोर बघून खणखणीत आवाजात सांगितलं,

"ओ ताई, हे माझं घर हाय. आतच चाललोय. पाय यायलेत मागून!"