आमचा दुसरा, हळू आवाजातला अल्बम

आमचा पहिला अल्बम ऐकून आई म्हणाली होती, "काऊन बोंबलून राह्यले रे हे? कोणी मारलं का?" तिचं काही चुकलं नव्हतं. आम्ही तिघे चंद्रपूरचे, ग्रंज नावाच्या परदेशी, आरडाओरड्याच्या रॉकच्या कॅसेटी ऐकून बिघडलेले. भर मे महिन्यात जाड चौकड्यांचे शर्ट घालून घामाघूम व्हायचो आणि आपण जगावर चिडलोय असं दाखवायचो. जगाला आमचा पत्ताही नव्हता.

मग बँड पांगला. गाणाऱ्यानं वरोऱ्यात कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं. ड्रमर झाडीपट्टीच्या नाटकांत शिरला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव ही नाटकं लागतात, त्यांत तो ढोलक आणि ऑक्टोपॅड वाजवतो. मी गिटार कपाटावर टाकली आणि मुकाट नोकरी केली. गेल्या वर्षी गाणाऱ्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज वाचला, पण निम्माच. बरा झाल्यावर त्याचा फोन आला.

"अजून एक अल्बम करू बे. मले आता गाता येते का नाई, ते तरी समजू दे."

नाही कोण म्हणणार? माझ्या घरातल्या एका खोलीत भिंतींना गाद्या टेकवल्या. पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद. मी अगदी शहाण्यासारखी मांडामांड केली: गाणारा आतल्या खोलीत, ड्रमर बाहेर, दोघांच्या कानात हेडफोन आणि हेडफोनमध्ये तालाची टिकटिक. ड्रमर दर वेळी चुकायचा. माझं डोकं फिरलं.

"इतकी वर्षं वाजवलं तरी काय मग तू?"

"याचं तोंड दिसत नाई ना," तो म्हणाला. "नाटकात आम्ही स्टेजसमोर बसतो. नटाच्या तोंडाकडं पाहूनच वाजवतो. तो थांबला का आम्ही थांबलो."

टिकटिक बंद केली आणि दोघांना समोरासमोर बसवलं. गाणारा दम घ्यायला थांबला की ड्रमरचे हात हवेत थांबायचे. पूर्वी आम्ही त्याचा आवाज आमच्या दणदणाटात बुडवायचो. आता माझी गिटारही आपसूक खाली आली. याला कोणी परिपक्वता वगैरे म्हणत असेल तर खुशाल म्हणो. आम्ही आमच्या मित्राचा दम परत येण्याची वाट पाहत होतो. मला त्या दोघांची फार माया आली त्या दुपारी.

शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीला गाणाऱ्याचा आवाज बसला. ओठ हलत होते, आवाज नाही. मी गिटार थांबवणार, तेवढ्यात ड्रमरनं ती ओळ उचलली. झाडीपट्टीत नटाचा गळा बसला तर साथीदार असंच करतात. पण हा पठ्ठ्या जन्मात कधी गायला नव्हता. भसाडा, बेसूर, पण हात न थांबवता त्यानं ओळ पुरी केली.

गाणाऱ्याचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "पाणी पी. ही ओळ पुन्हा घेऊ."

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"काऊन?"

गळ्यावर हात ठेवून, ड्रमरकडे पाहत तो कसाबसा कुजबुजला, "पुन्हा घेतली अन् मले जमली, तर हा गप्प बसंल."