मुकादमाला सांगितलं होतं

माझ्या गळ्यातल्या कार्डावर 'समन्वयक' असं लिहिलेलं होतं. गावात मात्र मी मोजणीवाली. आष्टी तालुक्यात गावठाणांची ड्रोनने मोजणी चालू होती. शेताची नव्हे, घरं, अंगणं, गोठे, मधले बोळ यांची. ज्या घरांचा धड कागद कधी कुणाकडे नव्हता, त्यांना सरकार नकाशासकट कागद देणार होतं. ड्रोन उडवायला वेगळी माणसं होती, नकाशा काढायला वेगळी. माझं काम बोलायचं. ड्रोन यायच्या आधी गावात जायचं, सभा घ्यायची, काय होणार ते समजावून सांगायचं आणि ज्याची ज्याची जागा आहे त्याला कळवलं, असं मोबाइलमधल्या अर्जात भरायचं. प्रशिक्षणात या लोकांना 'हितधारक' म्हणायला शिकवलं होतं. आईला तो शब्द सांगितला तर म्हणाली, "घरवाले म्हन की सरळ."

आमच्या घरात पहिली पदवी माझी. हे मी सांगते, दडवत नाही. आई-वडिलांनी ऊस तोडला, मी वसतिगृहात राहून शिकले. नोकरी एजन्सीची होती, कंत्राटी होती, पण तिच्यावर माझं नाव होतं.

आष्टीत एक खोली घेतली होती. सकाळी एसटी, एसटी नसेल तिथे वडापची जीप. पहिले काही दिवस लोक चहाला बोलवायचे आणि मी जायचे. मग कळलं, एकाच्या घरी चहा घेतला की शेजारचा म्हणतो, मॅडम तिकडून बोलायल्यात. तेव्हापासून चहा बंद केला. दुपारचा डबा शाळेच्या व्हरांड्यात एकटीनं खायचा. सभेचे फोटो मीच काढायचे, त्यामुळे एकाही फोटोत मी नाही. ऑफिसला वाटायचं मी गावाची बाजू घेते, गावाला वाटायचं मी ऑफिसची. दिवसभर शेकडो माणसांशी बोलून खोलीवर आलं, की माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. आईला फोन लावायचे, तर ती "जेवलीस का" विचारून ठेवून द्यायची, कारण तिला वाटायचं मॅडम लोकांना काम असतं.

कडा गावाच्या बाजूच्या एका खेड्यात गेले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. एक घर उघडं, एक कुलूपबंद, असं सगळं गाव. माणसं ऊसतोडीला गेलेली. सभेला म्हातारी माणसं आणि पंचायतीचे दोन-तीन सदस्य. फोटोत गर्दी दिसावी म्हणून त्यांना मी जवळ जवळ बसवलं.

कुलूप लावून गेलेल्यांना कसं कळवायचं? यादीतले निम्मे नंबर बंद होते. गावातनं त्यांच्या मुकादमाचा नंबर मिळाला. मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्यावर नेणारा. फोन लावला, ओळख सांगितली, तर तो वडिलांना ओळखणारा निघाला.

"काका, तुमच्या टोळीत या गावची चौदा घरं हायत. त्यांना मोजणीचा निरोप द्यायचाय. घरटी कुणीतरी एकानं येऊन जागा दाखवून जावी."

"देतो की. कावून न्हाई देनार? तुजा बाप दोन सीझन माझ्यासंग व्हता. आता तू सायबीन झालीस. तुजं ऐकावंच लागंल आमाला."

मी हसले. खरं सांगायचं तर मला ते गोड लागलं. अर्जात चौदा ओळी भरल्या: दूरध्वनीवर कळवले.

ड्रोन उडायच्या आधी प्रत्येकानं आपल्या जागेच्या कडेनं चुन्याची फक्की मारायची असते, म्हणजे वरून हद्द दिसते. ज्याच्या घराला कुलूप, त्याची फक्की शेजारी मारायचे. एका बोळात एक पत्र्याची खोली होती. पुढे छोटं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी: चार फरशा, तीन बाजूंनी बांबूला बांधलेली पोती. शेजारचे तात्या पंचायतीत सदस्य होते. त्यांनी फक्की ओढत ओढत त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आणली. अख्खं अंगण त्यांच्या रेषेच्या आत गेलं.

"तात्या, हे अंगण त्या घराचं नाही का?"

"आमचंच हाय ते मॅडम. बाई एकटी हाय, नवरा मेलेला, म्हनून वापरू दिलंय. विचारा की कुनालाबी."

भिंतीला टेकून दोन म्हातारे बसले होते. त्यांच्याकडे बघितलं. एक म्हणाला, "आमाला काय ठावं, बाई." दुसरा आभाळात ड्रोन शोधत राहिला.

तात्यांच्या घरी नळ असलेलं पक्कं बाथरूम होतं. सकाळी मीच तिथे हात धुतले होते. मग बाहेरची पोत्याची न्हाणी कुणाची? प्रश्न अगदी ओठावर आला होता. तेवढ्यात ड्रोनवाला ओरडला, "मॅडम, वारं सुटायच्या आत उडवू द्या!" आणि मी बाजूला झाले.

पुढे कच्चा नकाशा पंचायतीच्या फळ्यावर लागला. कुणाची हरकत असेल तर ठरलेल्या तारखेच्या आत लेखी द्यायची. मी परत मुकादमाला फोन केला. "सांगितलंय सगळ्यांस्नी. कुनाची काय हरकत न्हाई," तो म्हणाला. मी भरलं: हरकत नाही.

मुदत संपायला दोन दिवस होते. संध्याकाळी भात टाकला होता आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"मोजणीवाल्या ताई का?"

"हो, बोला."

"माझं अंगण तात्याच्या नकाशात गेलं म्हनं. माझ्या नणंदेनं फळ्यावर बघितलं, तिनं माझ्या भावाच्या फोनवर कळविलं."

मी विचारलं, कुठलं घर. तिनं न्हाणीची खूण सांगितली.

"ताई, पोरगी मोठी व्हायलीय माझी," ती म्हणाली. "हितं फडावर अंधारात अंघोळ उरकावी लागती आमाला. घरी गेल्यावर तेवढा एक आडोसा हाय. त्यो गेला तर उंबऱ्याच्या भायेर पाय ठिवला की तात्याची जागा. मला कावून न्हाई सांगितलं तुमी?"

"मी मुकादमाला सांगितलं होतं."

ती म्हणाली, "मुकादमाला सांगितलं म्हंजी मला सांगितलं व्हय?" आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत असल्यासारखं विचारलं तिनं.

हरकत लेखी हवी, तिच्या सहीची हवी, आणि मुकादम तिला सोडणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला तब्येत बरी नाही म्हणून कळवलं आणि पहाटेच्या एसटीनं नगरला गेले. तिथून पुढे आणखी एक गाडी, मग उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारत विचारत फड गाठला.

ती भावाबरोबर तोडत होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. शर्ट, डोक्याला फडकं, हातांवर पाचटाचे ओरखडे. मोळी बांधता बांधताच म्हणाली, "आलाव व्हय खरंच?" गाडी भरायला उभी होती, त्यामुळे तिला थांबता येत नव्हतं. मी बांधावर बसून हरकतीचा अर्ज लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला.

"परत वाचा," ती म्हणाली.

परत वाचला.

"अंगण 'वापरते' असं कावून लिवलंय? वापरती तर तात्या बी म्हनतो. माझं हाय असं लिवा. सासऱ्यानं वाटून दिल्यालं."

मी खोडून तसं लिहिलं. सही करताना तिनं हात शर्टाला पुसले आणि एक एक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं. "लेकीनं शिकविलंय," म्हणाली. टोळीतल्या बाकीच्या तेरा घरांच्या माणसांनी माझ्या मोबाइलमध्ये नकाशा बघितला. त्यांच्या रेषा ठीक होत्या. मला तेवढंच बरं वाटलं.

तेवढ्यात मुकादम मोटरसायकलवर आला. "आरं, सायबीन फडात! बापाचा कोयता हुडकाया आलीस का काय?"

आजूबाजूची माणसं हसली. मी म्हणाले, "काका, तुम्ही सांगितलंच नाही यांना."

"सांगितलं असतं तर चौदाच्या चौदा घरं गावाला पळाली असती. फड कोन तोडनार, तू?" त्यानं गाडी स्टँडवर लावली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आन् तुला ठावं नव्हतं व्हय हे? कोयत्याच्या घरची ना तू?"

मी अर्ज पिशवीत ठेवला. भाकर खाऊन जा, असं ती बाई म्हणाली, पण मी थांबले नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ते आठवलं. मी आठवीत असताना वसतिगृहात कावीळ झाली होती. वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंनी आमच्या त्या वेळच्या मुकादमाला फोन करून आईला निरोप दिला होता. मी रोज दुपारी फाटकाशी जाऊन बसायचे. आई आली ती सीझन संपल्यावर, आणि माझे डोळे बघून विचारायला लागली की काय झालंतं. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मुकादमाला सांगितलेलं कुठे जातं, हे मला प्रशिक्षण देणाऱ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. आणि त्यानं सायबीन म्हटल्यावर मी ते विसरले.

एजन्सीतल्या माझ्या साहेबांना फोन लावला. त्यांचा सूर शांत होता. "तुम्ही स्वतःच भरलंय की कळवलं, हरकत नाही. आता हरकत कुठून आली?"

"मी चुकीचं भरलं होतं, सर."

"हे लेखी देणार का? तुमच्या नोंदी खोट्या म्हटल्यावर बाकीची गावं पण तपासायला काढतील. नीट विचार करा. कंत्राट मार्चमध्ये संपतंय तुमचं."

"देते, सर."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मोजणीच्या कार्यालयात अर्ज दिला. सोबत माझा कागद: या बाईंना मी कळवले नव्हते, मुकादमाला कळवले होते. पोच घेऊन बाहेर आले तेव्हा पायऱ्यांवर तात्या उभे होते. "मॅडम, लई लांब जाऊन आलात म्हनं," एवढंच बोलले. त्या गावात मग मला कुणी सभेला बोलावलं नाही.

हरकत दाखल झाली आणि ऊसतोड आटोपून बाई आल्यावर जागेवर चौकशी ठेवली. मी मात्र त्या चौकशीला नव्हते. मार्चनंतर कंत्राट पुढे गेलं नाही. कुणी बोलावून सांगितलं नाही, नुसतं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून काढलं. आष्टीची खोली सोडून मी गावी आले. आता दुसरीकडे अर्ज करते आहे. तिथे मागचा अनुभव विचारतात, तो मी आहे तसा सांगते. एका ठिकाणी म्हणाले, प्रामाणिकपणा चांगला आहे, कळवू.

चौकशी होऊन गेली असेल असं वाटायला लागल्यावर रोज फोनकडे बघायचे. बाईचा फोन आला नाही. भावाचा नंबर माझ्याकडे होता, पण लावायला धीर झाला नाही. एका दुपारी एजन्सीचं अ‍ॅप उघडून बघितलं. माझं लॉगिन बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. गाव शोधलं, बोळ शोधला, बोटांनी नकाशा मोठा केला. तात्यांची रेषा त्यांच्या भिंतीला येऊन थांबली होती. पत्र्याची खोली आणि पुढचं अंगण एका नंबरात होतं, आणि त्या नंबरापुढे बाईचं नाव.

आई ज्वारी निवडत होती. तिला सांगितलं.

"मग फोन आलता का तिचा?"

"नाही."

"कशाला करील? जागा घावली तिला. आता तिला तिचं काम हाय," असं म्हणून आईनं सूप पाखडलं.

त्याच आठवड्यात लॉगिन बंद झालं. पण तोवर मी बघून घेतलं होतं.