भाऊजींनी मशीन चूप केली

भाऊजी गेल्याचा फोन भाचीनं केला. मंजू एवढंच म्हणाली, "मामा, बाबा गेले... दुपारी जेवून निजले ते उठलेच नाही." उमरेडहून मिळेल त्या बसनं मी नागपूर गाठलं. घरात शिरलो तर ताई भिंतीला टेकून बसलेली. रडत नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "मी बाजूलेच बसली होती गा. मेथी निवडून राहिली होती. मग मले काहून नाही ऐकू आलं?" महिना उलटून गेला. ताई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच विचारते, आणि तिची मला आता काळजी वाटायला लागली आहे.

दुसऱ्या कुणी बाईनं असं विचारलं असतं तर मी समजूत काढली असती. पण त्या घरात श्वास ऐकण्याला फार मोल होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दिनकर भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान. काळजी करण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या नागपुरात सापडला नसता. कुलूप लावून चार पावलं जायचे आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचे. आणि अशा माणसानं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पक्की कारकुनी सोडून घरात कॉम्प्युटर आणला! गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानांची बिलं छापून द्यायची, हा धंदा. आमच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला. मशीन म्हणजे टिनाचा एक जाडजूड डबा. त्याच्या पोटात हार्ड डिस्क, म्हणजे गरगर फिरणारी चकती, सगळं काम त्या चकतीत साठवलेलं. ती फिरली की डबा गुणगुणायचा, आणि काही साठवायची वेळ आली की आत कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरतंय असं वाटायचं. उन्हाळाभर हे कुणाला कळलंच नाही. खिडकीतल्या कूलरच्या घरघरीत शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, तिथं डिस्कची काय कथा! थंडी लागली, कूलर बंद झाला, तेव्हा आवाज उघडा पडला.

त्याच थंडीत मंजू झाली. दिवस भरायच्या आधीच झाली... मूठभर पोर. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हिचा श्वास झोपेत मधेच थांबू शकतो. थांबला तर तळपायावर टिचकी मारा, दचकून पुन्हा घेईल. काही आठवडे कुणीतरी सतत कान देऊन बसलं पाहिजे. घर म्हणजे एक खोली आणि धुरानं भरलेलं स्वयंपाकघर. त्यामुळे पाळणा आणि मशीन एकाच खोलीत. तिकडे लग्नसराई तोंडावर, गांधीबागेतली माणसं तगादा लावून बसलेली. मशीन बंद ठेवावी तर धंदा जातो, चालू ठेवावी तर पोरीचा श्वास ऐकू येत नाही. भाऊजी थोडं टाइप करायचे, उठून पाळण्यावर वाकायचे, परत येऊन बसायचे. तोंड सुकून गेलं होतं बिचाऱ्यांचं.

मग त्यांनी काय करावं? बाळंतपणासाठी येऊन राहिलेल्या आमच्या आईनं नातीसाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती, ती घेतली आणि मशीनला पांघरली! कडाक्याची थंडी, आणि गोधडीत मशीन! आई स्वयंपाकघरातून आली, बघतच राहिली. "काहून जी जवाईबापू, मशीनले थंडी वाजून राहिली का?" ताई बाळंतपणाच्या अशक्तपणातही खुदकन हसली. आवाज खरोखर कमी झाला. पण थोड्या वेळानं जळका वास यायला लागला. गोधडी काढली तर डबा तव्यासारखा तापलेला. त्या दिवशी मशीन वाचली ती देवाची कृपाच म्हणायची.

नंतरच्या रविवारी मी गेलो तर डबा उघडा पडलेला आणि भाऊजी त्यात वाकलेले. डिस्कचे स्क्रू काढून त्यांनी ती मशीन चालू असतानाच हातात तोलून धरली होती. "चूप, चूप... आता ऐक," म्हणाले. गुणगुण गेली होती! त्यांनी डिस्क डब्याच्या पत्र्याला टेकवली, गुणगुण परत सुरू. उचलली, बंद. "म्हणजे बोंबलून राहिला तो डबा, डिस्क नाही!" माणसाचा चेहरा असा उजळलेला मी क्वचितच पाहिला. मशीन बंद करून त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांच्यावर डिस्क डब्यात अधांतरी बांधली, पत्र्याला कुठेच टेकणार नाही अशी. पडली तर सगळंच गेलं. "देवा, सांभाळ बाप्पा," एवढंच चाललं होतं तोंडानं.

बटण दाबलं. खोलीत बारीकशी सुरसुर, बस. आणि त्या सुरसुरीवरून पाळण्यातला श्वास ऐकू यायला लागला... मांजराचं पिल्लू घेतं तसा.

त्याच दुपारची गोष्ट. ताईचा डोळा लागला होता, आई मागं धुणं धूत होती. भाऊजी पाळण्याकडे पाठ करून टाइप करत होते आणि मी त्यांच्याशी काहीतरी फालतू बोलत होतो. एकदम त्यांनी हात वर केला. मी गप्प झालो. कान दिला, मला काहीच ऐकू आलं नाही. ते काहीच नसणं त्यांना ऐकू आलं होतं! खुर्ची पाडून ते पाळण्याशी पोचले. मंजूचे ओठ निळसर. त्यांनी तळपायावर टिचकी मारली... काही नाही. पुन्हा मारली. मग मारली ती सणसणीत, आणि पोट्टीनं असा टाहो फोडला की ताई धडपडत उठली. भाऊजी पाळण्याची दोरी धरून ओक्साबोक्शी रडत होते. आज तीच मंजू दोन लेकरांची आई आहे.

परवा ताईकडे गेलो होतो. पुन्हा तोच प्रश्न झाला, आणि मग ती आपणहून बोलायला लागली. "मशीन चूप झाली ना गा, तर माह्यीच झोप उडाली. आवाज होता तोवर समजे का हे जागे आहेत, पोरीपाशी बसून आहेत. चूप झाल्यावर जीव घाबरे. यांचाही डोळा लागला असन तर? त्याईले सांगतलं, तं त्याईनं खाकरनं सुरू केलं. काम करता करता हळूच खाकरत. म्हणजे मी जागा आहो, तू निज." मंजू मोठी झाली, मशीन भंगारात गेली, खाकरणं राहिलं. आम्ही साळे ते तंबाखूचं खाकरणं समजून त्यांना चिडवत राहिलो आणि ते हसण्यावारी नेत राहिले.

बोलून दमली आणि तिथंच सतरंजीवर आडवी झाली. कितीतरी दिवस तिला धड झोप नव्हती. मी खुर्चीत पेपर उघडून बसलो, पण अक्षर दिसेना. घसा साफ करायला मी हळूच खाकरलो.

ताईनं डोळे उघडले नाहीत. कूस बदलली आणि झोपेतच पुटपुटली, "आता तुम्हीही निजा ना जी जरासं... मी ऐकून राहिली."