दाराजवळचा रांजण

धाराशिवच्या वाचनालयातले ग्रंथपाल पुस्तक देण्याआधी म्हणत, "हात दाखवा." तळवा मळका दिसला की दाराजवळच्या रांजणाकडं बोट करत. मी ईट गावाहून शिकायला आलेला, शेंगा खात खात थेट आत शिरणारा. "आत्ताच धुतलेत की," असं मी म्हटलं तर म्हणत, "व्हय का? मग शेंगा काल खाल्ल्या व्हत्या वाटतं."

त्यांच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल वाचनालयानं त्यांना शाल आणि एक ग्रंथ द्यायचं ठरवलं. द्यायला तहसीलदारसाहेब आले. निजामाचा अंमल होता. साहेबांची मर्जी फिरली असती तर वाचनालयाला कुलूप लागायला वेळ लागला नसता. साहेबांनी ग्रंथपालांना शाल पांघरली आणि पानानं रंगलेली बोटं ग्रंथाकडं नेली.

"साहेब, हात दाखवा."

वाचनालयाच्या चिटणीसांनी डोळेच मिटून घेतले. साहेबांनी आपली बोटं पाहिली आणि मुकाट्यानं रांजणाकडं गेले. परत येऊन म्हणाले, "असा एक माणूस आमच्या कचेरीत पायजे व्हता."

पुढं हैदराबादला कॉलेजात मला बक्षीस म्हणून ग्रंथ मिळाला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, अभिमान कशाला लपवू? सुट्टीत तो ग्रंथपालांना दाखवायला वाचनालयात गेलो आणि हात धुऊनच आत शिरलो. पहिल्या पानावरचं माझं नाव त्यांनी लांबूनच वाचलं. मग उठले आणि रांजणावर जाऊन स्वतःचे हात धुऊन आले.