मशीनचं दूध

घरात लेकरू आलं की किस्से आपोआप साचतात. बॉयलरच्या नळ्यांत क्षार साचतो तसे. वेळच्या वेळी खरवडले नाहीत तर कधीतरी भलत्याच ठिकाणी फुटतात. मी एका कारखान्याच्या वीज प्लांटमध्ये बॉयलरचं पाणी तपासते, त्यामुळे मला अशाच उपमा सुचतात, सांभाळून घ्या. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण आमचे साहेब वाचतात. म्हणजे ते वाचत काही नाहीत, पण त्यांना वाचून दाखवणारे बरेच आहेत.

तर हे किस्से आमच्या घरी आलेल्या एका मशीनचे. बाळाच्या दुधाची बाटली तयार करणारी मशीन. वर उकळून गार केलेलं पाणी भरायचं, बाजूला पावडर भरायची, बटण दाबलं की खाली बाटलीत कोमट दूध. चहाच्या मशीनची धाकटी बहीण समजा. ती वापरायची की नाही, यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. लग्न पोह्यांच्या एका बशीवर ठरलं होतं.

* * *

मला दूध कमी आलं. हे मी आता बिनधास्त सांगते, तेव्हा सांगताना रडायला यायचं. डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली, खसखशीची खीर झाली. माझं वजन वाढलं, लेकीचं, आमच्या चिमीचं, वाढेना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डब्याचं दूध सुरू करा आणि रडणं बंद करा. त्यातलं पहिलं ऐकलं.

सासूबाईंना ते फार लागलं. त्या भांडल्या नाहीत, त्यांनी फक्त जाहीर केलं, "मी त्या डब्याले हात लावणार नाही." आणि खरंच, मी डबा उघडायला घेतला की त्या स्वयंपाकघरातून उठून बाहेर जायच्या. बाळ बघायला कोणी आलं की पाण्याचा पेला हातात द्यायच्या आधी त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "आमच्या नितीनले डब्याचं दूध माहीतच नाही."

नितीन म्हणजे माझा नवरा. तो शेजारीच मोबाईल पाहत बसलेला असायचा. त्याला आणखीही बऱ्याच गोष्टी माहीत नाहीत, पण त्या कोणी पाहुण्यांना सांगत नव्हतं. मला मात्र प्रत्येक वेळी वाटायचं की या घराण्यात कमी पडलेली पहिली बाई मीच.

त्यात माझी रजा संपत आलेली. साहेबांचा निरोप आला होता की आता रजा वाढणार नाही, यायचं असेल तर या. नितीन आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, दिवसभर इतवारीत आमच्या भांड्यांच्या दुकानात. घरी सासूबाई एकट्या. त्या डब्याला हात लावणार नसतील तर एक तर चिमी उपाशी, नाहीतर माझी नोकरी बंद. आणि नोकरी मला हवी होती. पगारासाठी तर हवीच होती, पण दिवसातले काही तास जिथे कोणी "दूध येते का वं आता?" असं विचारणार नाही, अशा ठिकाणी बसायलाही हवी होती.

नितीनचं मत विचारलं. नितीनला मत विचारलं की तो दुकानात जातो.

मग पुण्याच्या नणंदेने ही मशीन पाठवली. सासूबाईंनी लांबूनच तिला न्याहाळलं आणि निकाल दिला, "बटन दाबीन. डब्याले हात नाही लावणार." म्हणजे पावडर सकाळी मीच भरून ठेवायची. वकील व्हायला हव्या होत्या.

* * *

खोकं फोडायचा मान मामाजींना. मामाजी टिचकी मारून भांडं ओळखतात. डोळे मिटून टिचकी मारतील आणि सांगतील की हा गंज, म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं, जाड पत्र्याचा आहे, हा नुसता दिखाऊ. त्यांनी मशीनला वर, खाली, बाजूला टिचक्या मारल्या आणि तोंड वाकडं केलं. आवाज बसका होता. मग उचलून हातात तोलली आणि विचारलं, "किलोले काय भाव पडली?"

मी म्हटलं, मामाजी, ही किलोवर मिळत नाही. त्यावर ते म्हणाले की इतवारीत हत्ती आणला तरी गिऱ्हाईक आधी किलोचाच भाव विचारते.

दुसऱ्या दिवशी ते दुकानातून बोंडली घेऊन आले. बाळाला दूध पाजायचं ते चोचीचं इवलंसं भांडं. एक नाही, अख्खा बांधलेला गठ्ठा. म्हणाले, मशीन कायले पायजे, हे घ्या. प्रेमाने आणली असं मला वाटलं. मग नितीनने सांगितलं की वर्षानुवर्षं त्यांना गिऱ्हाईकच नव्हतं.

तसं आमच्या घरात भांड्यांना तोटा नाही. मिठालासुद्धा झाकणाचा स्टीलचा डबा. फक्त मेथ्या तेवढ्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. गंजलेला, वरचं चित्र घासून घासून काढलेला डबा. मामाजींनी कितीदा तो भंगारात काढला, आणि सासूबाईंनी तितक्यांदा परत आणला. मेथ्या त्यातच चांगल्या राहतात म्हणे.

* * *

तपासल्याशिवाय काही वापरायचं नाही, हा आमच्या लॅबचा नियम. त्यामुळे रजेवर असतानाच एक दिवस मी मशीन कडेवर घेतली आणि लॅबमध्ये नेली. चिमीला बघायला लॅबमधलं कधी कोणी आलं नव्हतं, मशीन बघायला मात्र तिन्ही पाळ्यांची माणसं जमली.

ढोबळे साहेब आमचे लॅबचे मुख्य. ते म्हणाले की चाचणी करायची तर चांगल्या पाण्यावर करू. आमच्याकडे चांगलं पाणी म्हणजे बॉयलरचं. त्यातला सगळा क्षार काढून टाकलेला असतो. पिण्याचं ते नव्हे, पण दिसायला काचेसारखं. प्रमोदभाऊ आमचा लॅबचा जुना मदतनीस, त्याने ते काठोकाठ भरलं आणि बटण दाबलं.

लाल दिवा. पाणी भरा.

प्रमोदभाऊने ओतून टाकलं, पुन्हा भरलं. पाणी भरा. त्याने मशीनला एक थाप मारली. आमच्या प्लांटमध्ये बऱ्याच गोष्टी थापेवर चालतात, ही चालली नाही. मशीन पुन्हा तेच म्हणाली, पाणी भरा.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टाकीत दोन बारीक पिना होत्या. पाण्यातल्या क्षारातून किंचित करंट गेला की मशीनला कळतं, पाणी आहे. आमच्या पाण्यात क्षारच नाही, तर करंट जाणार कुठून? नळाचं पाणी भरलं आणि ती गुमान सुरू झाली.

सगळे हसले. ढोबळे साहेब हसले नाहीत. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "म्हंजे इतके वर्ष आपण बॉयलरले काय पाजून राहिलो?"

* * *

हसणं संपलं ते पावडरच्या चाचणीला. बाटलीमागून बाटली काढायची आणि प्रत्येकीत पावडर किती पडली ते काट्यावर बघायचं. सुरुवातीच्या बाटल्या तंतोतंत. नंतर मात्र पावडर हळूहळू कमी पडू लागली. दूध दिसायला दुधासारखंच, पण पातळ. उघडून पाहिलं तर वाफेने आतलं नरसाळं ओलं झालेलं आणि पावडर तिथेच चिकटून बसलेली. थोड्या थोड्या बाटल्यांनी ते पुसलं नाही तर लेकरू पोट भरून नुसतं पाणी पिणार.

चिमीचं वजन आत्ता कुठे काट्यावर दिसायला लागलं होतं. मी म्हटलं, राहू द्या, नको ही मशीन, मी राजीनामा लिहिते.

साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि निकाल सुनावला, "मशीन पास आहे. फक्त तिच्यावर एक माणूस ठेव."

मी म्हटलं, साहेब, माणूस नाही म्हणून तर मशीन आणली. ते म्हणाले, प्लांटमधल्या सगळ्या मशीनी अशाच आणल्या आहेत.

* * *

मशीन घेऊन गेटवर आले तर वॉचमन सोडेना. आत आणताना तिची नोंद नव्हती, कारण मी ती चिमीच्या दुपट्यात गुंडाळून आणली होती. आता आतून निघालेली वस्तू कारखान्याची. मी म्हटलं, भाऊ, ही बाळाच्या दुधाची मशीन आहे, हिच्यावर कारखाना काय चालवणार?

त्याला ते पटत होतं, पण बाहेर काढायच्या मालाचे त्याच्याकडे तीनच प्रकार होते. यंत्र, सुटे भाग आणि भंगार. यंत्राला मोठ्या साहेबांची सही लागते, सुट्या भागांना स्टोअरची. भंगाराला कोणाचीच लागत नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

घरी मामाजींनी गेटपासची चिठ्ठी चष्मा लावून वाचली. 'भंगार, एक नग.' मग समाधानाने घडी करून खिशात ठेवली. "टिचकी मारली तेव्हाच सांगतलं होतं म्या."

* * *

नरसाळं पुसायचं काम सासूबाईंना सांगायचं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची. तिथे पावडर असते, म्हणजे हात लावणं आलंच. मी घाबरत घाबरत विषय काढला. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडून झाल्यावर म्हणाल्या, "फडक्यानं पुसीन. फडक्याच्या अलीकडं मी, पलीकडं डबा."

सांगते, आमच्या प्लांटमधलं एकही मशीन इतकी लख्ख नाही. त्या प्रत्येक बाटलीनंतर पुसायच्या. मी रोज संध्याकाळी गुपचूप काट्यावर तपासायची, दूध एकदाही पातळ निघालं नाही. पुढे पुढे त्या मशीनशी बोलायलाही लागल्या. "हळू वं बाई, लेकरू झोपलं आहे." माझ्याशीसुद्धा कधी इतक्या लाडाने बोलल्या नव्हत्या.

मी रुजू व्हायच्या आधीच्या रविवारी खापरखेड्याच्या मावशी आल्या. या सासूबाईंच्या थोरल्या बहीण. जिथे दुखतं तिथेच बोट ठेवायची त्यांना उपजत कला आहे. चिमीच्या तोंडात बाटली दिसल्याबरोबर त्या माझ्याकडे वळल्या, "काहून वं पल्लवी, डब्याचं पाजून राहिली?"

मी मान खाली घातली. आता सासूबाई ते नितीनचं वाक्य म्हणणार, म्हणून मनाची तयारी केली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "डब्याचं नोय. मशीनचं आहे."

मावशी म्हणाल्या, मशीनमध्ये काय म्हैस बसली आहे? सासूबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "तुमच्या कॉलनीत नाही आली अजून?"

मावशींनी चहा बशीत ओतला आणि विषय आंब्याच्या लोणच्यावर नेला.

* * *

रुजू झाले त्याच आठवड्यात एक दिवस बॉयलर दुरुस्तीला काढला आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मे महिन्याचं ऊन. लकडगंजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तर सगळे कूलर गप्प, बाया ओट्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. लाईन गेली होती. सकाळपासून.

लाईन नाही म्हणजे मशीन नाही. मशीन नाही म्हणजे दूध नाही. डब्याला तर त्या हात लावणार नाहीत. फोन केला, उचलला नाही. गल्लीत मी कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदाच धावले असेन. जिना चढताना चिमीचं रडणं ऐकू आलं, गळा काढून रडत होती. आणि मग एकदम थांबलं.

दार लोटलेलं होतं. समोर स्वयंपाकघर.

सासूबाई जमिनीवर पाठमोऱ्या, चिमी त्यांच्या मांडीच्या खळग्यात. शेजारी गॅसवरून उतरवलेलं पाण्याचं पातेलं आणि उघडा डबा. त्यांनी चमचा पावडरीत खुपसला, भरून काढला आणि सुरीच्या पाठीने सपाट केला. बघतही नव्हत्या. डोळे चिमीकडे, तोंडाने तिच्याशी गप्पा. दुसरा चमचा, पुन्हा सुरीची पाठ. मग बाटली हलवली नाही, दोन तळव्यांत धरून रवी घुसळल्यासारखी फिरवली, म्हणजे फेस होत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकला, थांबल्या, फुंकर मारली, आणखी एक टाकला.

हे सगळं मला दवाखान्यात नर्सने शिकवलं होतं, आणि ते हाताला बसायला मला किती दिवस लागले. मी ते करत असताना सासूबाई एकदाही स्वयंपाकघरात नव्हत्या.

माझे डोळे भरून आले. मी तशीच मागे सरले आणि चपला हातात घेऊन जिना उतरले. खाली जरा वेळ उभी राहिले, तोंड पुसलं. मग चपला आपटत वर आले, दाराची कडी वाजवली आणि मोठ्याने म्हटलं, आई, आले मी.

आत गेले तर डब्याचं झाकण लागलेलं, डबा फळीवर, मेथ्यांच्या त्या चित्र घासलेल्या डब्याला खेटून, सुरी तिच्या जागी. चिमी डोळे मिटून बाटली ओढत होती.

"दूध झालं का तिचं?"

"हाव."

"कोणी केलं?"

सासूबाईंनी पदराने चिमीची हनुवटी पुसली.

"मशीननं."

डोक्यावरचा पंखा बंद होता. मी मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि दोघींना वारा घालत बसले.